सहा-बाराची लोकल आणि दिल्लीचं बजेट

पाऊस कधी कोसळणार हे सांगणाऱ्या यंत्रांवर सरकार किती आणि कधी खर्च करतं, हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांचा नाही. अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंड असा रोज प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

जुलैमधली कुठलीही एक दुपार घ्या. चकाल्यातलं किंवा मरोळमधलं ऑफिस. काचेबाहेर अचानक अंधारून येतं आणि मीटिंगमधलं लक्ष उडतं. ‘निघायचं का?’ असा मेसेज ग्रुपवर पडतो. कुणी म्हणतं, सायनला पाणी भरलंय. कुणी मिलन सबवेचा दोन वर्षं जुना फोटो फॉरवर्ड करतं. बॉस म्हणतो, ‘अरे, थांबेल अर्ध्या तासात!’ आता निघालो तर ६.१२ ची बोरिवली मिळेल, की अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवरच रात्रीचे दहा वाजतील?

एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर द्यायला बरंच काही लागतं. रडार लागतं, पर्जन्यमापक लागतात, भर समुद्रात तरंगणारी यंत्रं लागतात आणि हे सगळं चालवणारी माणसं लागतात. त्यासाठीचा बहुतेक पैसा दिल्लीतून येतो. तो कधी आणि कशासाठी येतो, ही गोष्ट इंटरेस्टिंग आहे. थोडी डोकं फिरवणारीही.

७३ आणि ९४४

२६ जुलै २००५. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना नुसती तारीख पुरते. सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच २४ तासांत कुलाब्यात किती? ७३! शहर एकच, मध्ये अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. कुलाब्याच्या खिडकीतून दिसत होता तो पावसाळ्यातला एक साधा दिवस, आणि इकडे कलिना-कुर्ल्यात लोक गळ्याएवढ्या पाण्यातून दोर धरून चालत होते.

त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. हे रडार ढगातल्या थेंबांवर लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरी वाचतं. ढग किती भरलाय ते त्यावरून कळतं, शिवाय तो आपल्याकडे येतोय की लांब चाललाय हेही कळतं. पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा, ज्याला हवामानवाले ‘नाउकास्ट’ म्हणतात, तो मुख्यतः याच चित्रावरून निघतो. ऑफिसातून निघायचं की थांबायचं, हे ठरवायला नेमका हाच इशारा उपयोगाचा.

पुराच्या चौकशीसाठी माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २००६ मध्ये तिचा अहवाल आला. २०१० च्या आसपास मुंबईला पहिलं डॉप्लर रडार मिळालं. कुठे? कुलाब्याला. ९४४ जिथे पडला त्या उपनगरांचा नंबर लागला १४ जानेवारी २०२२ रोजी, जेव्हा अंधेरी-जोगेश्वरीमधल्या वेरावलीच्या टेकडीवर दुसरं रडार सुरू झालं. मधल्या काळात त्यासाठी हायकोर्टात जनहित याचिका चालली. साडेसोळा वर्षं! सव्वीस जुलैला पहिलीच्या वर्गात अडकलेलं पोर तोवर ग्रॅज्युएट होऊन नोकरीलाही लागलं होतं.

एका शहराला दोन रडार कशाला, असं वाटत असेल तर मे २०२१ आठवा. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या जवळून गेलं तेव्हा कुलाब्याचं रडार नेमकं बंद पडलेलं होतं. भर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून त्यावरची सत्तरहून जास्त माणसं गेली. तिथे इशारा मिळूनही निर्णय चुकले, तो विषय वेगळा. पण एवढ्या मोठ्या शहराचा एकुलता एक डोळा ऐन वादळात मिटलेला असावा, हे पटण्यासारखं नाही.

पाऊस बनतो कुठे?

रडार पाऊस पाहतं तो ढग जमल्यावर. त्याआधीची सगळी तयारी समुद्रात होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यातलं बरंच बाष्प तापत चाललेल्या अरबी समुद्रातून येतं. हा समुद्र पूर्वी वादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागरापेक्षा गरीब मानला जायचा. मग जून २०२० मध्ये निसर्ग आलं, वर्षाच्या आत तौक्ते. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत हजर झाला. रूढ तारीख ११ जून. छत्र्या विकत घ्यायच्या आत वरळीच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी!

समुद्राचं तापमान मोजायला उपग्रह आहेत, पण ते पाहतात वरचा थर. खालचं पाणी किती खोलवर गरम आहे हे कळायला भर समुद्रात नांगरून ठेवलेले बोये लागतात, म्हणजे सेन्सर लावलेले मोठे तरंगते डबे. गंमत म्हणजे बोया सोडला की काम संपत नाही. त्यावर शिंपले चढतात, सेन्सर बिघडतात, मच्छीमार बोटी त्याला दोर बांधतात, कधी सामान काढून नेतात. मग पुन्हा जहाज पाठवा, यंत्र बदला. हिंद महासागरात २००४ पासून अशा बोयांची ‘रामा’ नावाची साखळी उभी राहिली, त्यात भारत आहे आणि अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्थाही. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने याच नोआची संशोधन शाखा मोडीत काढण्याचा प्रस्ताव बजेटमध्ये मांडला. मुलुंडच्या पावसाचा अंदाज वॉशिंग्टनच्या कात्रीवर थोडाफार अवलंबून असतो, हे आपल्या डोक्यातही येत नाही.

समुद्र मोजणारी माणसं आपल्या शेजारीही आहेत बरं का. अंधेरी पश्चिमेला, चार बंगल्याला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र आहे. मुख्य संस्था गोव्यात दोना पावलाला, १९६६ साली स्थापन झालेली. लोखंडवाल्याला कॉफी प्यायला जाणाऱ्या किती जणांनी ती पाटी वाचली असेल? खाड्यांचं आणि किनाऱ्याचं पाणी तपासणं, बंदरं आणि कारखान्यांमुळे समुद्राचं काय होईल याचे अहवाल करणं, ही इथली मोठी कामं. असे अहवाल बाहेरच्या पैशावर होतात. त्यात गैर काही नाही, पण ज्या खाडीवर कुणाचा प्रोजेक्ट येत नाही, तिचं पाणी वर्षानुवर्षं मोजायचं तर पैसे सरकारनेच द्यायला हवेत.

किती कोटी म्हणजे किती?

आता आकडे. केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय २००६ मध्ये आजच्या रूपात आलं. हवामान, महासागर, ध्रुवीय संशोधन, भूकंप, त्सुनामीचा इशारा, सगळं याच्याकडे. २०२५-२६ चं त्याचं बजेट साधारण ३,६५० कोटी. मोठं वाटतं ना? त्याच वर्षी मुंबई महापालिकेचं बजेट होतं ७४,४२७ कोटी. अख्ख्या देशाचं आभाळ आणि समुद्र सांभाळायला आपल्या पालिकेच्या विसाव्या हिश्श्याइतके पैसे.

घोषणा मात्र दणदणीत होतात. २०२१ मध्ये ‘डीप ओशन मिशन’, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी, त्यात माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ पाणबुडी. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’, दोन वर्षांसाठी २,००० कोटी, नवी रडार, नवे संगणक. दोन्ही हवंच होतं. पण ‘मिशन’ या शब्दाचीच अडचण अशी, की त्याला मुदत असते आणि फीत कापायला मंत्री असतात. रडारचा सुटा भाग वेळेत मागवणं, बोया बदलायला जहाज पाठवणं, रात्रपाळीला नाउकास्ट काढणारा माणूस भरणं, याची फीत कोण कापणार? आपल्याकडे मशीन घ्यायला पैसे मिळतात, विशेषतः दुर्घटनेनंतर. ते चालू ठेवायला भांडावं लागतं. सोसायटीची लिफ्ट आणि तिचं एएमसी आठवा, लगेच कळेल.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी, २००५ च्या मानाने आज परिस्थिती कितीतरी बरी आहे. पालिकेचे स्वयंचलित पर्जन्यमापक वॉर्डावॉर्डात आहेत. जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज मुंबई’ ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती आणि मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्यांचा एकत्र हिशेब करून कुठे किती पाणी भरेल हे ती काढते. मंत्रालय दिल्लीचं, पालिका इथली, आणि दोघांनी मिळून काम केलं. रोजच्या राजकारणात दुर्मीळच!

अर्थात इशाऱ्याच्या पुढचं काम विज्ञानाचं नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून १७ जण गेले. पालिकेची परवानगी नसलेलं १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग रडार धरून ठेवू शकत नाही.

तोवर आपल्या हातात काय? हवामान खात्याच्या वेबसाइटवर रडारचं पान आहे, तिथे मुंबईचं चित्र दर काही मिनिटांनी बदलतं. ‘मौसम’ ॲप फुकट आहे, विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ आहे. पालिकेच्या साइटवर भरतीची वेळ पाहा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि रडारवर समुद्राकडून सरकणारा लाल पट्टा, दोन्ही एकाच वेळी दिसले तर बॉसला स्क्रीन दाखवा आणि लॅपटॉप बंद करा.