लाजाराचा दाखला आणि दाराशी असलेला शेजारी

प्रस्तावना

लूककृत शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात (वचने 19 ते 31) श्रीमंत मनुष्य व लाजार यांचा दाखला आला आहे. उपेक्षित शेजाऱ्याविषयीच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या दृष्टीने या दाखल्याचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

दाखल्याचा आशय

एक श्रीमंत मनुष्य तलम वस्त्रे लेऊन दररोज ऐश्वर्यात रमत असे. त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजार उष्ट्या तुकड्यांची आशा धरून पडलेला असे. मृत्यूनंतर लाजाराला अब्राहामाच्या उराशी स्थान मिळाले आणि श्रीमंत यातनेत पडला. दोघांमध्ये कोणालाही ओलांडता न येणारी दरी होती.

श्रीमंताने लाजाराला मारले नाही, हाकलूनही दिले नाही. मग त्याचा अपराध कोणता? येशूच्या दाखल्यांतील माणसे बहुधा निनावी असतात. येथे मात्र भिकाऱ्याला नाव आहे, श्रीमंताला नाही. यातनेत असताना श्रीमंत लाजाराचा उल्लेख नावानिशी करतो. म्हणजे तो त्याला ओळखत होता. त्याची उपेक्षा अज्ञानातून नव्हे, तर सवयीतून आली होती. शिवाय त्याही वेळी तो लाजाराला पाणी आणण्याच्या कामी धाडू पाहतो. परलोकातील दरी वस्तुतः दारातच पडली होती. तेव्हा ती एका पावलात ओलांडता आली असती.

सामाजिक अन्वयार्थ

अल्बर्ट श्वाइट्झर यांनी या दाखल्यातील श्रीमंताच्या जागी युरोपला आणि लाजाराच्या जागी आफ्रिकेतील रुग्णांना पाहिले व 1913 मध्ये लांबारेने येथे रुग्णालय उभारले. लाजाराला कुष्ठरोग होता असे दाखल्यात म्हटलेले नाही. तथापि मध्ययुगीन युरोपात कुष्ठरुग्णांना त्याच्याच नावावरून ओळखले जाई. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून कुष्ठरुग्णांना भिक्षेऐवजी श्रमाची प्रतिष्ठा दिली.

बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग बरा होतो. रुग्णांना वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. 2019 च्या दुरुस्तीने विविध व्यक्तिगत कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळले गेले. परंतु कायद्याने दार उघडले तरी उंबरठा माणसालाच ओलांडावा लागतो. बऱ्या झालेल्या रुग्णाला घर, काम आणि पंगतीत जागा मिळणे ही समाजाचीच जबाबदारी आहे.

समारोप

श्रीमंताच्या पाच भावांना इशारा देण्यासाठी मृतांतून कोणी पाठवण्यास अब्राहाम नकार देतो. मोशे व संदेष्टे यांची शिकवण त्यांच्यापाशी आहेच, असे तो सांगतो. आपणही त्या भावांच्याच स्थानी आहोत. काय करावे हे आपणास ठाऊक आहे; दाराशी कोण आहे, हे पाहणे तेवढे उरले आहे.