टिकल्यांची पिस्तुलं

दिवाळीचा बाजार भरला की पुलगावात आमचं लक्ष कपड्यांकडे नसायचं. पणत्यांच्या शेजारी ताडपत्रीवर पिस्तुलं मांडलेली असत. काळा रंग दिलेला पातळ पत्रा, मुठीच्या एका अंगाला तारा, दुसऱ्या अंगाला लांब शिंगांच्या बैलाचं डोकं. बाजूचं झाकण उघडायचं, आतल्या खुंटीत टिकल्यांचा लाल रोल अडकवायचा, पट्टीचं टोक घोड्याखाली आणायचं आणि चाप ओढायचा. दोन टिकल्या फुसक्या जायच्या, तिसरी फुटायची. मग पट्टी काळा ठिपका घेऊन वर सरकायची. तो जळका वास बोटांना भाऊबीजेपर्यंत राहायचा.

तो तारा शेरीफचा आणि बैल टेक्सासचा, हे कळायला मला वीस वर्षं लागली. नव्वदच्या दशकात केबल आली. रात्री कार्टून नेटवर्क संपलं की त्याच जागी टीएनटीवर जुने अमेरिकन सिनेमे लागत. घरचे झोपले की आवाज बारीक करून मी ते पाहायचो. ज्या मालिकांनी ही सगळी पिस्तुलं जगभर पोचवली त्या मात्र आमच्या गावात कुणी पाहिल्या नव्हत्या. मी त्या फार उशिरा, इंटरनेटवर पाहिल्या, आणि दर वेळी हातातलं आमचं पत्र्याचं पिस्तूलच आठवलं.

‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली, ६३५ भाग. मार्शल डिलनच्या कमरेला कोल्टचं १८७३ सालचं सहा घरांचं रिव्हॉल्व्हर. आमच्या पिस्तुलाची वाकडी मूठ थेट त्याचीच. ‘द रायफलमन’मध्ये (१९५८–६३) चक कॉनर्स विंचेस्टर रायफल एका हाताने गरकन फिरवतो. तिच्या लिव्हरची कडी मोठी, गोल; आणि आत एक स्क्रू असा बसवलेला की लिव्हर मिटताच चाप आपोआप दाबला जावा. गोष्ट १८८०च्या दशकातली, रायफल १८९२च्या बनावटीची. स्टीव्ह मॅक्वीनने ‘वाँटेड : डेड ऑर अलाइव्ह’मध्ये तीच रायफल दोन्हीकडून कापून मांडीला लटकवली, तिचं नाव ‘मेअर्स लेग’, घोडीचा पाय. त्याच्या पट्ट्यातली काडतुसं त्या बंदुकीत शिरणारच नाहीत एवढी मोठी, का तर पडद्यावर उठून दिसावीत. मला या चुका प्रिय आहेत. खेळणं करणारा माणूसही असाच विचार करतो: नेमकं काय दिसलं पाहिजे आणि कसला आवाज आला पाहिजे.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा तर मी हरखून गेलो. चित्रीकरणात ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचं एकच पोकळ काडतूस वेगवेगळ्या मापांच्या रिव्हॉल्व्हरांत आणि रायफलींत चालायचं. दारू आहे, गोळी नाही. म्हणजे त्या जगप्रसिद्ध बंदुकाही टिकल्याच फोडत होत्या.

आमच्याकडे वेस्टर्न आला तो हिंदीतून. ‘मेरा गाँव मेरा देश’ १९७१चा, ‘खोटे सिक्के’ १९७४चा, आणि १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’. आम्ही तो गणपतीत भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला, पोत्यांवर बसून. मध्ये लाइन गेली तर कुणी उठायचं नाही, जागा जाईल म्हणून. ‘शोले’त मराठी माणसं किती आहेत हे आपण पुरेसं सांगत नाही. रामगढ उभारलं राम येडेकरांनी. संकलन एम. एस. शिंदे यांचं, आणि त्या वर्षी या सिनेमाला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर संकलनाचंच. गब्बरच्या सहा घरांच्या पिस्तुलात तीन गोळ्या उरतात, तो ते चक्र फिरवतो, आणि समोर उभ्या तिघांत कालिया असतो तो विजू खोटे. तिन्ही वेळा घोडा रिकाम्या घरावर पडतो. ती शांतता कापून कापून लांबवणारे हात शिंदेंचे. टिकली फुटेल की फुसकी जाईल, हा जीव टांगणीला लावणारा क्षण आम्हाला दिवाळीपासूनच ठाऊक होता. म्हणून ते दृश्य आम्हाला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

काउबॉय म्हणजे गुराखी, हेही असंच उशिरा उमगलं. खरे गुराखी तर आमच्याच जिल्ह्यात होते. आर्वी-कारंजाकडची गवळाऊ जनावरं, पांढरी, सडपातळ, चालीला चपळ. शंकरपटात पळताना पाहावीत. त्यांना राखणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. आर्वीहून पुलगावला येणारी नॅरोगेज गाडी अशा कळपांजवळून जायची. आमचे आजोबा गुरांतले. त्यांच्यासोबत एकदा एक मारधाडीचा सिनेमा पाहत होतो, तर ते मध्येच म्हणाले, “अन् याची गुरं कोन राखून रायलं बे?” त्यांना खरंच काळजी लागली होती. पुढे कितीही वेस्टर्न पाहिले, मी पहिल्यांदा गुरं शोधतो. बहुतेकदा ती दिसत नाहीत.

पुलगावात बालपण गेलं की एक गोष्ट कायम सोबत असते: गावाशेजारी सैन्याचा केंद्रीय दारूगोळा डेपो. देशातला सर्वांत मोठा. तारेचं कुंपण, पाट्या, आत न जाण्याची सवय. आम्ही कुंपणाबाहेर पिस्तुलं रोखून एकमेकांना मारायचो, मेलेला दहा मोजून पुन्हा उठायचा.

३१ मे २०१६च्या मध्यरात्रीनंतर त्या डेपोत आग लागली. स्फोट झाले, आसपासच्या गावांतली माणसं रात्रीतून घराबाहेर काढावी लागली. आग विझवायला गेलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. मी तेव्हा गावात नव्हतो. फोनवर आई एवढंच सांगत होती की भांडी वाजली, आधी वाटलं भूकंप.

त्या दिवाळीला मी घरी गेलो. आमच्या गल्लीत सुतळी बॉम्ब वाजला नाही. कुणी बंदी घातली नव्हती, कुणी आणलाच नाही. बाजारात पत्र्याची पिस्तुलं होती. शेजारचा मुलगा ओट्यावर बसून रोल भरत होता, पट्टी घोड्याखाली नीट येत नव्हती. मी त्याला झाकण उघडून खुंटी दाखवली. पहिली फुसकी गेली, दुसरीही. तिसरी फुटली तेव्हा आई आतून दाराशी आली, ओट्यावर कोण आहे ते पाहिलं, आणि परत करंज्या तळायला गेली.