कमरेची आकडी

जुन्या मराठी घराण्यांतून अजूनही एखादी कट्यार दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली आढळते. शेल्यात खोचावयाची ती मानाची वस्तू. ती बाळगणाऱ्याला माडावर थोडेच चढावयाचे असे! गोमंतकातील पेडणे व डिचोली या महालांत मात्र अंगावर पाते वागविणारा माणूस निराळाच. तो पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आणि त्याचा कोयता राहतो कमरेच्या आकडीत.

हा मुलूख मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. पण तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर माड तेच आणि आकडीही तीच.

आकडी म्हणजे काय, हे बडोदे-इंदूरकडील वाचकांस सांगावयास हवे. हातात मावेल एवढा लाकडाचा तुकडा, त्याला आरपार खाच. दोरीने तो पाठीमागे कमरेला बांधावयाचा. पाते खाचेत उतरते, मूठ वर हाताशी राहते. एवढेच! पण कडा घासून गोल केल्या नाहीत, तर दुपारपर्यंत कमरेची साल निघते. खाच सैल असली तर चढताना कोयता मांडीशी हेलकावतो. घट्ट असली तर ऐन वेळी निघत नाही. शेंड्याशी पाडेलीचा एक हात झावळीच्या देठाला गुंतलेला असतो. दुसऱ्या हाताने, मागे न पाहता, कोयता काढावयाचा आणि तसाच परत ठेवावयाचा. तो खाचेत न बसता सुटला, तर खाली नारळ गोळा करणाऱ्याच्या डोक्यावरच यावयाचा.

कोयता लोहाराचा, आकडी सुताराची. हल्ली पात्यासाठी मोटारट्रकच्या जुन्या कमानपट्ट्या वापरतात; ते पोलाद चांगले धरते. पाणी देणे हे लोहाराचे खरे कसब. पाते फार कडक झाले तर धार तुटते, मऊ राहिले तर देठावर मुडपते.

स्कॉटलंडातील डोंगरी लोक लहानशी सुरी गुडघ्याखालच्या लोकरी मोज्यात खोचतात. गेलिक भाषेत तिला काळी सुरी म्हणतात. चित्रकार रेबर्नने १८१२ च्या सुमारास रंगविलेल्या ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेलच्या तसबिरीत तिची मूठ मोज्यातून डोकावते. तिच्या कारागिरालाही हीच चिंता: म्यान चपटे हवे, कडा बोथट हव्यात, नाहीतर पोटरी सोलून निघते. पण ती सुरी आता लग्नकार्यात मिरविण्यापुरती उरली आहे. म्हणजे आपल्या कट्यारीचीच गत!

आकडीचे तसे झालेले नाही. पाडेली मिळेनासे झाले, ही बागाईतदारांची तक्रार खरी आहे. मुले बापाचा धंदा धरीत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? माडावर चढण्याची लोखंडी यंत्रे आली आहेत. पण यंत्रावर चढणाऱ्यालाही वर पोचेपर्यंत दोन्ही हात मोकळेच लागतात, आणि कोयता दातांत धरता येत नाही.