मशीनला आर्टकॅम माहीत नाही

परंड्यात किंवा बार्शीत कुणी हौसेने छोटा सीएनसी राउटर घेतला, की लाकूड यायच्या आधी एक पेन ड्राइव्ह येतो. त्यात मित्राच्या मित्राने दिलेलं आर्टकॅम हे नक्षीकामाचं सॉफ्टवेअर असतं आणि सोबत ब्रह्मवाक्य: "याच्याशिवाय मशीन चालतच नाही." सुतार सांगतात, मशीन विकणारे सांगतात, यूट्यूबवाले तर सांगतातच. ऐकून ऐकून कान किटले.

राउटरला तुमचं चित्र दिसत नाही. त्याला कळतो फक्त जी-कोड, म्हणजे साध्या मजकुराच्या ओळी: इथे जा, इतकं खाली उतर, या वेगाने काप. 'जी१ एक्स५० एफ६००' याचा अर्थ सरळ रेषेत एक्स अक्षावर ५० पर्यंत, मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने. ही ओळ महागड्या प्रोग्रॅममधून आली की फुकटच्या, हे मशीनला कळण्याची सोयच नाही. नोटपॅडमध्ये हाताने टंकली तरी ते तितक्याच इमानाने धावेल.

काम तीन टप्प्यांचं असतं: चित्र काढणं, त्यावरून बिटचा (कापणाऱ्या पात्याचा) मार्ग म्हणजे टूलपाथ ठरवणं आणि तो मशीनला पाठवणं. तिन्ही एकाच प्रोग्रॅमने करायला हवं असं कुणी सांगितलं? घराची पाटी, देवघराची जाळी अशा सपाट कामाला इंकस्केपमध्ये चित्र काढा, फ्रीकॅड किंवा किरीमोटोत टूलपाथ करा, युनिव्हर्सल जी-कोड सेंडरने पाठवा. सगळं फुकट, आणि कायदेशीर.

फक्त पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचा जी-कोड करणारा भाग, आपल्या मशीनच्या कंट्रोलरचा निवडा. छोट्या मशीनवर बहुधा जीआरबीएल हा कंट्रोलर-प्रोग्रॅम असतो आणि त्याला बिट बदलण्याचा एम६ आदेश कळत नाही. तो आला की 'एरर २०' दाखवून मशीन अडतं, आणि मालक सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडतो!

आर्टकॅम वाईट होतं असं नाही. उठावाच्या नक्षीला ते फार चांगलं. पण ऑटोडेस्कने ते २०१८ मध्ये बंद केलं. त्याच धाग्यातून पुढे आलेलं कार्व्हेको आज रीतसर विकत मिळतं. पेन ड्राइव्हमधून फिरतं ते क्रॅक केलेलं, आणि बसवताना अँटीव्हायरस बंद करायला लावणारं. "छंदच आहे हो, कोण विचारतंय?" असं म्हणणाऱ्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब वाचावं. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण ५० हजारांपर्यंतचा दंड तरीही होऊ शकतो.

मराठी पाटीपुरतं बोलायचं तर फुकटचं इंकस्केपच बरं. जुन्या अनेक प्रोग्रॅमांत युनिकोड जोडाक्षरं सुटी होतात, इंकस्केपमध्ये 'श्री' 'श्री'च राहतो. मजकूर पाथमध्ये बदलल्यावर अक्षरं युनियनने जोडून घ्या, नाहीतर शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे बिट अक्षराच्या मधूनच चर काढतो.

असेच आणखी काही समज. "महागड्या सॉफ्टवेअरने फिनिश गुळगुळीत येतं." नाही. ३ मिमीच्या गोल टोकाच्या बिटने दोन फेऱ्यांत १ मिमी अंतर ठेवलं तर मधला उंचवटा साधारण ०.०९ मिमी राहतो, अंतर ०.३ केलं तर ०.००८ च्या आत. हा आकडा कुठल्याही प्रोग्रॅममध्ये भरता येतो. वेळ मात्र तिपटीहून जास्त लागतो, आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो.

"ऑटोडेस्कचं फ्यूजन (चित्र आणि टूलपाथ दोन्ही करणारं) आता फुकट मिळत नाही." घरगुती वापराला मिळतं, पण २०२० पासून एका वेळी १०च फाइली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात आणि बिट हवेतून सरकतानाही कापण्याच्याच वेगाने जातो.

"फोटो टाकला की मूर्ती तयार." फोटोत उजेड-सावली असते, खोली नसते; त्यामुळे गोऱ्या नाकाचा डोंगर आणि काळ्या केसांचा खड्डा होतो.

"माप चुकलं, सॉफ्टवेअर बदला." आधी १०० मिमीचा चौकोन कापून मोजा. एक्सच्या दिशेने सतत ९९ येत असेल तर जीआरबीएलमधली १०० क्रमांकाची सेटिंग, म्हणजे एक्सचे मिलिमीटरमागचे स्टेप, १०० भागिले ९९ या प्रमाणात वाढवा. वायसाठी १०१, झेडसाठी १०२.