वर्गाचा रकाना

डाव्या पक्षात नव्याने येणारा माणूस आपली ओळख करून देतो तेव्हा तो आपली राजकीय मते सांगत असावा, असा सर्वसाधारण समज असतो. मते मात्र या ओळखीचा सर्वांत छोटा भाग असतात. मार्क्सवादाच्या मूळ सिद्धांताप्रमाणे माणसाचे विचार आकाशातून पडत नाहीत, तर तो उत्पादनाच्या व्यवस्थेत कोठे उभा आहे, म्हणजे त्याच्या हाती जमीन, यंत्र वा भांडवल आहे की विकण्यासाठी केवळ आपले श्रम आहेत, यावरून ते घडत जातात, आणि या स्थानालाच 'वर्ग' म्हणतात. हा सिद्धांत एकदा मान्य केला की समाजवादावर विश्वास असल्याच्या नुसत्या घोषणेला फारशी किंमत उरत नाही, कारण ती सावकाराचा मुलगाही करू शकतो आणि मजुराचा मुलगाही, आणि दोघांच्या बोलण्याचा अर्थ एकच धरता येत नाही. म्हणून ऐकणारा आधी विचारतो ते घराण्याबद्दल: वडील काय करीत, जमीन किती होती, राबायला गडी ठेवले होते का. जन्मावरून माणूस ओळखण्याची जुनी रीत मोडायला निघालेल्या चळवळीने त्या रीतीची एक नवी आवृत्ती अशी नकळत तयार केली.

ही आवृत्ती सर्वांत काटेकोरपणे राबवली गेली ती १९१७ च्या क्रांतीनंतरच्या रशियात. बोल्शेविक पक्षाचे सभासद होऊ पाहणाऱ्याला तेथे दोन कागद द्यावे लागत: एक 'अंकेता', म्हणजे छापील प्रश्नावली, आणि दुसरा 'अव्तोबिओग्राफिया', म्हणजे स्वतः लिहिलेले छोटे आत्मवृत्त. आईवडिलांचा क्रांतीपूर्वीचा धंदा आणि मालमत्ता, अर्जदाराचे शिक्षण आणि नोकऱ्या, १९१७ साली आणि नंतरच्या यादवी युद्धात तो कोठे होता व काय करीत होता, पूर्वी तो दुसऱ्या कोणत्या पक्षात होता का, नातेवाईक परदेशात आहेत का, असा सगळा तपशील त्यांत यावा लागे. त्यातही 'सामाजिक मूळ' आणि 'सामाजिक स्थान' असे दोन वेगळे रकाने होते: मूळ म्हणजे ज्या घरात जन्म झाला त्याचा वर्ग, आणि स्थान म्हणजे अर्जदार आज स्वतः करीत असलेले काम. एखादा माणूस दहा वर्षे कारखान्यात राबला तरी दुसरा रकाना पहिल्याला पुसू शकत नसे. कागदांसोबत जुन्या सभासदांच्या शिफारशी लागत, आणि त्यानंतर 'उमेदवार सभासद' म्हणून काही काळ काढावा लागे. १९२२ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार हा काळ कामगारांसाठी ६ महिन्यांचा, शेतकऱ्यांसाठी एका वर्षाचा, तर कचेरीत काम करणाऱ्या शिकलेल्या लोकांसाठी २ वर्षांचा होता. शिक्षण जितके अधिक, तितका संशय लांबलेला. उलट लेनिनच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये 'लेनिन भरती' नावाची मोहीम निघाली तेव्हा २ लाखांहून अधिक नव्या लोकांना, मुख्यतः कामगारांना, थोड्याच काळात पक्षात घेतले गेले.

या व्यवस्थेतला उपरोध त्या काळच्या लोकांनाही कळत असणार. खुद्द लेनिनचे वडील शाळाखात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि त्या पदामुळे घराण्याला सरदारकीचा वंशपरंपरागत दर्जा मिळाला होता, आणि पक्षाच्या प्रश्नावलीत लेनिन आपला व्यवसाय 'साहित्यिक' असा लिहीत असे. त्रोत्स्की युक्रेनमधील सधन शेतकऱ्याचा मुलगा होता, तर गुप्त पोलीस दलाचा संस्थापक झेर्झिन्स्की लहान पोलिश सरदार घराण्यातला. पुढाऱ्यांच्या बाबतीत मूळ चालून जाई, कारण तुरुंगवास आणि हद्दपारी यांनी ते धुऊन निघाले असे मानले जाई. ही धुण्याची संधी सामान्य अर्जदाराला क्रांतीनंतर उरलेलीच नव्हती.

आत्मवृत्त लिहून संपत नसे. ते पक्षाच्या स्थानिक शाखेच्या सभेत वाचले जाई, उपस्थित सभासद प्रश्न विचारीत आणि मग मतदान होई. १९२० च्या दशकातील सोव्हिएत विद्यापीठांतील अशा आत्मवृत्तांचा अभ्यास करणारे इतिहासकार इगाल हाल्फिन यांनी दाखवून दिले आहे की त्यांची रचना धर्मांतराच्या कथांसारखी असते: आधी अज्ञानाचा अंधार, मग एखादा धक्का, एखादे पुस्तक वा एखादा जुना कामगार, आणि अखेरीस वर्गजाणिवेचा, म्हणजे आपल्या वर्गाचे हित ओळखण्याच्या दृष्टीचा, उजेड. मराठी वाचकाला हा साचा अगदीच परका वाटू नये. तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगांत आधी जात येते, मग धंदा, मग दुष्काळ, दिवाळे आणि घरातले मृत्यू येतात, आणि त्यानंतर वृत्ती विठ्ठलाकडे वळते. ही हकीकतही संतांनी विचारल्यावरून, म्हणजे ज्या समुदायात सामील व्हायचे त्याच्यापुढेच सांगितलेली आहे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की संतसभेने त्या निवेदनाची फाईल करून ठेवली नव्हती.

फाईल हाच या पद्धतीचा खरा कणा होता. पक्षात वेळोवेळी 'चिस्तका', म्हणजे शुद्धीकरणाची मोहीम, निघे. १९२१ च्या मोहिमेत सुमारे एक चतुर्थांश सभासद वगळले गेले आणि १९२९ व १९३३ मध्ये पुन्हा अशाच मोहिमा झाल्या. प्रत्येक वेळी सभासदाला लोकांपुढे उभे राहून आपले आयुष्य पुन्हा सांगावे लागे, आणि नवे निवेदन जुन्या कागदांशी ताडून पाहिले जाई. वडिलांचे दुकान एकदा 'लहान' आणि एकदा 'भाड्याचे' असे लिहिले गेले, तर ती विसंगती मूळ दुकानाहून अधिक महाग पडे, कारण मूळ हा अपघात होता, पण ते लपवणे हा पक्षाशी केलेला द्रोह मानला जाई. सत्य सांगणे धोक्याचे आणि खोटे सांगणे त्याहून धोक्याचे, अशी ही कोंडी होती. तिच्यात सापडलेल्यांची संख्याही लहान नव्हती, कारण १९१८ च्या राज्यघटनेने नफ्यासाठी मजूर लावणारे, खासगी व्यापारी, धर्मोपदेशक आणि जुन्या पोलीस दलातले लोक यांचा मताधिकारच काढून घेतला होता, आणि तो त्यांना १९३६ च्या राज्यघटनेपर्यंत परत मिळाला नाही.

स्तेपान पोदलुब्नी या तरुणाचे उदाहरण इतिहासकार योखेन हेलबेक यांच्या लेखनामुळे अभ्यासकांना परिचित झाले आहे. त्याचे वडील युक्रेनमधील शेतकरी होते आणि शेतीच्या सामुदायिकीकरणाच्या काळात त्यांच्यावर 'कुलक', म्हणजे इतरांच्या श्रमावर जगणारा सधन शेतकरी, असा शिक्का बसून त्यांना हद्दपार करण्यात आले. मुलगा आईसह खोट्या कागदपत्रांवर मॉस्कोत आला, 'प्रावदा' वृत्तपत्राच्या छापखान्यात कामाला लागला आणि पक्षाच्या युवक संघटनेत वावरू लागला. त्याच्या रोजनिशीत पकडले जाण्याची भीती तर आहेच, परंतु वाचकाला खरोखर अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट: आपल्या आत कुलकाचे काही उरले आहे का, हे तो स्वतःच तपासत राहतो आणि ते उपटून काढण्याची धडपड करतो. छापील रकाना येथे माणसाच्या मनात शिरलेला दिसतो. मुलगा बापाच्या कृत्यांना जबाबदार नसतो, असे स्टालिनने डिसेंबर १९३५ मध्ये जाहीरपणे म्हटले खरे. परंतु त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत झालेल्या अटकांनी त्या आश्वासनाचा अर्थ स्पष्ट केला. कवी अलेक्सांद्र त्वार्दोव्स्की यांचे शेतकरी कुटुंब १९३१ मध्ये हद्दपार झाले होते. त्याच आश्वासनाचा हिशेब मांडणारी, 'स्मृतीच्या हक्काने' या अर्थाच्या नावाची त्यांची दीर्घ कविता त्यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी, १९८७ मध्ये, सोव्हिएत देशात छापली गेली.

मॉस्कोत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेमार्फत, म्हणजे कॉमिंटर्नमार्फत, ही पद्धत इतर देशांत गेली. फ्रान्सच्या पक्षाने १९३० च्या दशकात कार्यकर्त्यांकडून अशीच आत्मवृत्ते लिहून घेतली, आणि पक्षाचे प्रमुख मोरिस तोरेझ यांचे १९३७ मध्ये निघालेले 'जनतेचा पुत्र' या अर्थाच्या नावाचे आत्मचरित्र त्यांचा आदर्श नमुना बनले; खाणकामगाराच्या घरातल्या या पुत्राचे आत्मचरित्र प्रत्यक्षात दुसऱ्या लेखकाने लिहून दिलेले होते. चीनमध्ये येनान येथील १९४२ नंतरच्या 'शुद्धीकरण' मोहिमेत कार्यकर्त्यांना आपले चरित्र पुन्हा पुन्हा लिहायला लावून त्यांतील तफावत शोधली गेली.

भारतात या ओळखीला वेगळे वळण लागले, कारण येथे तिचा सर्वांत विस्तृत दस्तऐवज पक्षाच्या सभेत तयार झाला नाही, तर न्यायालयात. मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी १९२८ मध्ये सहा महिने चालवलेल्या संपानंतर, २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभरातील ३१ कामगार पुढाऱ्यांना अटक केली आणि बादशहाची हिंदुस्थानवरील सत्ता नष्ट करण्याचा कट केल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर मीरत येथे खटला भरला. मीरतची निवड अशासाठी की मुंबई वा कलकत्त्यात असा खटला ज्यूरीपुढे चालवावा लागला असता. आरोपींत श्रीपाद अमृत डांगे, स. वि. घाटे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, शां. स. मिरजकर आणि बर्लिनहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन नुकतेच परतलेले गंगाधर अधिकारी अशी मुंबईची मंडळी होती. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळे. या संधीचा उपयोग त्यांनी बचावापेक्षा आपला विचार सविस्तर मांडण्यासाठी केला. १८ कम्युनिस्ट आरोपींनी एक संयुक्त निवेदनही सादर केले आणि त्यात भांडवलशाही, साम्राज्यशाही, राष्ट्रीय चळवळ आणि कामगार संघटना यांविषयीची आपली भूमिका मांडली. जानेवारी १९३३ मध्ये बहुतेकांना जबर शिक्षा झाल्या, त्या त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुष्कळ कमी केल्या. ही निवेदने रशियन आत्मवृत्तांच्या नेमकी उलट आहेत: त्यांत मतांचा विस्तार प्रचंड आहे आणि लेखक स्वतः जवळजवळ दिसतच नाही, कारण ऐकणारा शत्रू असल्यामुळे पात्रता सिद्ध करण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही मूळचा प्रश्न येथेही सुटला नव्हता. मुंबईच्या पहिल्या फळीतले अनेक पुढारी शिकलेल्या, उच्चवर्णीय घरांतले होते, आणि त्यांच्यासाठी मराठी डाव्या वर्तुळात 'डी-क्लास होणे' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याचा अर्थ आपल्या वर्गाच्या सवयी, सोयी आणि नाती टाकून कामगारांत मिसळणे, चाळीत राहणे, पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या तुटपुंज्या मानधनावर संसार करणे. या त्यागाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वर्ग टाकण्याला शब्द होता तसा जात टाकण्याला नव्हता. नावामागचे 'कॉम्रेड' हे संबोधन 'कॉ.' असे आखडून लिहिले जाई आणि त्यापुढे आडनाव तसेच राही, जे महाराष्ट्रात ऐकणाऱ्याला बहुधा जात सांगूनच जाते.

गिरणीत जातीचा रकाना नसल्याचा परिणाम हिशेबात मोजता येत होता. अधिक पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यात दोरा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी ठळकपणे मांडली. 'कामगार' या एकाच शब्दात बसवलेल्या दोन माणसांपैकी एकाला दुसऱ्याच्या मागाजवळ उभे राहता येत नव्हते, आणि दोघांची ओळख एका ओळीत लिहिणारा तक्ता तेवढ्यापुरता खोटा होता.

ही ओळ दुरुस्त करू पाहणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत आंबेडकरांचे सहकारी असलेले मोरे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात आले आणि अखेरपर्यंत चळवळीत राहिले, मात्र येताना त्यांनी आपली पहिली ओळख दारात ठेवली नाही; अस्पृश्यता आणि जातिव्यवस्था यांचा प्रश्न पक्षाने स्वतंत्रपणे हाती घ्यावा, अशी लेखी मागणी त्यांनी पक्षनेतृत्वाकडे केली. उतारवयात ते आपले आत्मचरित्र लिहू लागले, आणि त्यात कोकणातले बालपण, शिक्षणासाठी सोसलेला अपमान आणि महाड यांच्या हकीकती आहेत. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते लिखाण अपुरे होते. पुढचे आयुष्य त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांना लिहावे लागले.