मँगनीजची काळी रेघ

बालाघाट जिल्ह्यातील भरवेली आणि उकवा येथील खाणींतून निघणारे मँगनीजचे खनिज आज मुख्यतः पोलादनिर्मितीकडे जाते. तथापि याच धातूच्या ऑक्साइडाला कुंभारकामात फार जुने स्थान आहे. माती पाण्यात कालवून जाड कण तळाशी बसू दिल्यावर वर जो बारीक गाळ तरंगत राहतो, त्याचा पातळ लेप सुकत आलेल्या भांड्यावर देतात. त्यात गेरू, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडाने रंगलेली माती, मिसळली की भाजल्यावर तांबडा पृष्ठभाग मिळतो. त्यावरची नक्षी काळी ठेवणे मात्र अवघड असते, कारण भट्टीत हवा खेळती राहिली की लोह तांबडे होते, आणि ते काळे करायचे तर हवा कोंडावी लागते. मँगनीजला ही अट नाही: मोकळ्या हवेच्या भाजणीतही ते काळे-तपकिरीच राहते, म्हणून एकाच भाजणीत तांबड्यावर काळे साधते. तांबड्यावर काळ्या भौमितिक नक्षीची ही आवड महाराष्ट्रात संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातील भांड्यांवर दिसते. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ती विपुल मिळाली, आणि त्यांतील तोटीच्या भांड्यांचा रेखीवपणा खरोखर थक्क करणारा आहे.