निकालाच्या दिवसांत दुखणारे पोट

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यातील बाकावर एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण दिसू लागतात. वय सतरा-अठरा. तक्रार पोटदुखीची, डोकेदुखीची, छातीतील धडधडीची, नाहीतर 'अन्नच नको वाटते' अशी. एरवी तापाने फणफणलेल्या मुलाला आई एकटीच घेऊन येते. या दिवसांत मात्र वडीलही कामधंदा बाजूला ठेवून सोबत येतात. एवढ्यावरूनच मला दुखण्याचा निम्मा अंदाज येतो.

२०२५ च्या जूनअखेरची गोष्ट सांगतो. जवळच्या खेड्यातील एक शेतकरी मुलाला घेऊन आले. ''डॉक्टरसाहेब, पंधरा दिस झालं, पोराचं पोट थांबंना. दोनदा सोनोग्राफी झाली,'' असे म्हणत त्यांनी पिशवीतून फाईल काढली. मी प्रश्न मुलाला विचारावा आणि उत्तर वडिलांनी द्यावे, असे पाच मिनिटे चालले. भूक? ''लागतच नाही त्याला.'' झोप? ''रातभर जागाच असतो.'' शिक्षण? ''नीट दिली की! दोन वर्षं लातूरला ठेवला होता.'' मुलगा माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला होता.

मी पोट तपासले. मऊ होते, कुठे गाठ नाही, सूज नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी सारे ठीक. मग मी वडिलांना समोरच्या मेडिकलमधून ओआरएसची पाकिटे आणायला पाठवले. खरे सांगायचे तर पाकिटांची तशी गरज नव्हती.

''दुखतं कधी रे?'' मी विचारले.

''सकाळी. आण्णा मोबाईल घेऊन बसले की.''

हळूहळू सगळे बाहेर आले. 'नीट'मध्ये त्याला ७२० पैकी ३१८ गुण होते. सरकारी एमबीबीएसची जागा त्या गुणांवर त्याच्या आवाक्यात नव्हती आणि खाजगीचा खर्च घराच्या आवाक्यात नव्हता. त्याने राज्याची सीईटीही दिली होती आणि त्यात गुण बरे होते. त्याला बी.एस्सी. ॲग्रीला जायचे होते. नोंदणीचे चार दिवस उरले होते. पण वडिलांचे म्हणणे, ''दुसरा फॉर्म भरला की मन ढिलं पडतं. आणखी एक वर्ष काढ.'' रोज सकाळी ते मोबाईलवर कुठल्या कॉलेजला किती गुणांवर प्रवेश मिळाला ते पाहत, आणि एकही शब्द न बोलता मोबाईल मुलापुढे सरकवत.

हे दुखणे खोटे नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा मुलाला 'नाटक करतोय' म्हणणे साफ चुकीचे आहे. आपल्या आतड्यांत मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि त्याचा मेंदूशी सतत संबंध असतो. भीती किंवा काळजी वाढली की शरीरात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसोल यांसारखी द्रव्ये वाढतात. आतड्यांची हालचाल बिघडते, पोटात कळ येते, मळमळते, वारंवार शौचास जावे लागते. मुलींची मासिक पाळी मागेपुढे होते. कोणाचा श्वास जोरजोराने चालून हातापायांना मुंग्या येतात. दुखणे खरे असते, फक्त त्याचे मूळ पोटात नसते.

याचा अर्थ प्रत्येक पोटदुखी परीक्षेची असते असाही नव्हे. ताप, सतत उलट्या, शौचातून रक्त, उजव्या बाजूला खालच्या भागात वाढत जाणारी वेदना, झोपेतून उठवणारी कळ, भराभर घटणारे वजन यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मात्र सर्व तपासण्या चांगल्या आल्यावर तिसरी सोनोग्राफी करण्यापेक्षा मुलाशी दहा मिनिटे बोलणे अधिक उपयोगाचे ठरते.

याच दिवसांत स्मरणशक्तीच्या टॉनिकच्या बाटल्याही घरोघरी दिसतात. निरोगी मुलाची बुद्धी बाटलीतून वाढत नाही. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते, आणि ती मिळाली तर वाचलेले लक्षात राहते. मुलगी फिकट दिसत असेल, दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. त्यावर खात्रीचे औषध आहे. झोप घालवणारे एनर्जी ड्रिंक आणि रात्री अकराची कॉफी मात्र बंद करावी.

माझीही एक चूक

वडील पाकिटे घेऊन परतले. मुलाला बाहेर बसवून मी त्यांना समोर बसवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''डॉक्टर, हिच्या पाटल्या मोडून क्लासची फी भरली. गावात सगळ्यांना सांगून बसलो, पोरगा डॉक्टर होणार. आता काय तोंड दाखवू?''

मला त्या माणसाचा राग आला नाही. कारण त्या खुर्चीत मी स्वतः बसून आलो आहे.

मी १९८८ साली बारावी झालो. त्या वेळी बारावीच्या गुणांवरच मेडिकलला प्रवेश मिळे. माझे गुण पुरले आणि मी डॉक्टर झालो. माझ्या मुलीने २०१८ साली 'नीट' दिली. गुण कमी पडले. तिला संख्याशास्त्र शिकायचे होते. पण हा दवाखाना पुढे कोण चालवणार, हा विचार माझ्या डोक्यात पक्का होता. मी तिला एक वर्ष पुन्हा बसवले. त्या वर्षात तिचे केस गळू लागले, पाळी तीन महिने आली नाही, वजन घटले. मी, एक डॉक्टर, तिला लोहाच्या आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या देत राहिलो! दुसऱ्या वेळी तिचे गुण पहिल्यापेक्षाही कमी आले. शेवटी ती बी.एस्सी.लाच गेली आणि आज संख्याशास्त्राच्याच बळावर पुण्यात नोकरी करते.

पुढे एकदा ती मला म्हणाली, ''बाबा, मला हे नको आहे, असं मी तुम्हाला तीन वेळा सांगितलं होतं. तुम्ही तिन्ही वेळा विचारलंत, 'जेवलीस का?'''

मी तिच्या जेवणाची चौकशी करत होतो आणि ती माझ्याशी दुसरेच काही बोलू पाहत होती. हे मी त्या शेतकरी बापाला सांगितले, आणि तेच आज या सदरात आपल्यालाही सांगतो आहे.

आकड्यांत पाहू. २०२५ साली देशात 'नीट'ला सुमारे बावीस लाख मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सरकारी व खाजगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा मुलांमागे एक जागा. उरलेली सतरा मुले आळशी नाहीत, मठ्ठ नाहीत आणि आईबापांचे पांग फेडायला नालायकही नाहीत. जागाच तेवढ्या आहेत.

फॉर्म भरण्यापूर्वी तीन गोष्टी

आईवडिलांनी निर्णय घेऊ नये, पण निर्णयासाठी लागणारी माहिती खरी खरी पुढे ठेवावी.

पहिली गोष्ट पैसा. घरातून वर्षाला किती देता येईल, कर्ज किती झेपेल, हे मुलाला आकड्यात सांगा. 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचं मी बघतो' हे वाक्य ऐकायला प्रेमळ असते, पण मुलाच्या मनावर त्याचेच ओझे बसते. त्याला पाटल्या कधी मोडल्या हे कळलेले असतेच. शासकीय सवलतीही आधी पाहून ठेवाव्यात. २०२४-२५ या वर्षापासून आपल्या राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी लागू झाली. ही माहिती नसल्याने मुलीचा फॉर्मच न भरणारे पालक मला भेटले आहेत.

दुसरी गोष्ट कागदपत्रे. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी यांसाठी तहसील व समाजकल्याणच्या खेपा घालणे हे वडिलांचे काम. मुलाला यात मदतीची खरी गरज असते. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच सुरुवात केलेली बरी.

तिसरी गोष्ट अंतर. किती लांब पाठवायची तयारी आहे, हे आधी सांगा. जागा लागल्यावर 'एवढ्या लांब पोरीला कसं पाठवायचं?' हा प्रश्न काढणे म्हणजे जेवायला बसलेल्याच्या पुढचे ताट ओढण्यासारखे आहे.

फॉर्म कोणी भरावा?

ज्याला चार वर्षे त्या वर्गात बसायचे आहे त्याने. नेट कॅफेवाल्याने नव्हे, मामाने नव्हे आणि बापानेही नव्हे. पासवर्ड मुलाच्या वहीत असावा. पसंतीक्रम लावताना सोपा नियम असा, की जे सर्वांत हवे ते पहिले, मग भले ते मिळण्याची शक्यता कमी असो. जागा गुणवत्ता यादीप्रमाणे आणि आपण लावलेल्या क्रमाप्रमाणे दिली जाते. मोठे नाव वर लिहिल्याने खालचे हातचे जाते, ही समजूत खरी नाही. मात्र जिथे जायचेच नाही, ते नाव 'असू द्या' म्हणून यादीत घालू नये. अभियांत्रिकीच्या २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला, की तो घेणे बंधनकारक होते. असे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. ती पुस्तिका मुलासोबत बसून शेवटपर्यंत वाचावी.

आणि 'रिपीट'चे काय? काही मुलांना त्याचा लाभ होतो, हे खरे. पण आधी चार प्रश्न विचारावेत. इच्छा कोणाची आहे? गुण किती कमी पडले? या वर्षी वेगळे काय करणार? आणि मुलाची झोप, भूक, मन ठीक आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'माझी' असे वडिलांकडून आले, तर पुढचे तीन विचारायची गरज नाही. 'नीट'साठी वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकली आहे. म्हणजे दार कायमचे बंद होत नाही. पण त्यामुळेच एकामागून एक वर्षे त्या दारात उभे राहण्याचा मोहही होतो.

येथे मात्र थांबू नका

ताण सगळ्यांनाच येतो. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलगा गप्प असेल, मित्रांना टाळत असेल, आवडीच्या गोष्टी सोडल्या असतील, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' किंवा 'मी नसतो तर बरं' असे बोलत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर तो हट्ट नव्हे, आजार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातील होते.

अशा वेळी मुलाला जवळ बसवून सरळ विचारावे, ''जीव द्यावा असं मनात येतं का रे?'' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट विचारणारे कोणी आहे, याने त्याला धीर येतो. उत्तर 'हो' असेल तर रागवू नये, रडारड करू नये, त्याला एकटे सोडू नये. शेतीची औषधे आणि घरातील गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. मधुमेहाला जसा डॉक्टर, तसाच मनाला.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. बापलेकांनी शेवटच्या दिवशी फॉर्म भरला. त्याला हवे ते कॉलेज मिळाले नाही, यादीतील चौथे मिळाले. दिवाळीत तो दवाखान्यात येऊन गेला. पोट अजून अधूनमधून दुखते म्हणाला, विशेषतः परीक्षा आली की. वजन मात्र तीन किलोने वाढले होते. वडिलांच्या मनातून 'नीट' पूर्ण गेली आहे असे मला वाटत नाही. पण सकाळी ते आता मोबाईल पुढे सरकवत नाहीत. एकदा त्यांनी फोन करून मुलालाच विचारले म्हणे, ''तुरीवर आळी पडलीय, काय मारू?''

मुलाने ते मला तीनदा सांगितले.